आधी रक्त तपासा, सीईटीचं मग बोलू

प्रश्न : खानापूर तालुक्यात माझं खतं-औषधांचं दुकान आहे. मुलगा सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला, फर्स्टला ५८ टक्के. कॉलेज सुटलं की दुकानात बसतो, हंगामात गिऱ्हाइकांच्या रानात फवारणीलाही जातो. परवाना त्याच्या नावावर करायचा तर बीएस्सी ॲग्री हवंच. पण संध्याकाळी पुस्तक उघडलं की डोकं दुखतं, अक्षरं पुसट दिसतात म्हणतो. चष्मा करून दिला तरी तेच. नुसती नाटकं! आमचं आयुष्य या वासात गेलं, आम्हाला काही झालं नाही. त्याला अभ्यासाला कसं लावू?

उत्तर : पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चष्म्यापाशी अडखळलो. डोकेदुखी, पुसट दिसणं, मन न लागणं, आणि पोरगं रोज कीटकनाशकांत. हे सगळं एका पत्रात असताना तुम्हाला त्यात नाटक दिसलं, याचा मला राग आला. स्पष्ट लिहितोय, वाईट वाटून घेऊ नका. मी डॉक्टर नाही, आणि कारण दुसरंही असू शकतं. पण पोराच्या तक्रारीवर निकाल देण्याआधी त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं.

आता तुमचं 'आम्हाला काही झालं नाही'. सवय होते ती वासाची. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस वगैरे, शरीरातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या एन्झाइमला जखडून टाकतात. नसांकडून स्नायूंना, ग्रंथींना गेलेला निरोप वेळेवर पुसणं हे त्याचं काम. ते अडलं की घाम, लाळ, मळमळ, डोकेदुखी. बाहुली बारीक होते आणि नजर अंधुक. तिथे चष्म्याचा काय उपयोग? एन्झाइम पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर तो परत पंप पाठीवर घेतो. म्हणजे सवय राहिली बाजूला, या एन्झाइमच्या खात्यावरची शिल्लक तेवढी कमी होत जाते. आणि तोंडाला रुमाल बांधला म्हणून सुटलो असं कुणी समजू नये. फवारताना विष बरंचसं कातडीतून जातं. गळक्या पंपाने पाठीवर ओला झालेला शर्ट दिवसभर तसाच, बादलीत कोपरापर्यंत हात घालून ढवळणं, त्याच हातांनी भाकरी. आपल्याकडच्या बांधावर हे मी कितीदा पाहिलंय. आपण त्याला 'औषध' म्हणतो, हीच मोठी गोची आहे. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली, ते विसरू नका.

कीटकनाशक नियम १९७१ मध्ये या गटाची औषधं हाताळणाऱ्यांचं कोलिनएस्टरेज दर महिन्याला तपासावं असं लिहिलेलं आहे. दुकानाच्या परवान्याचा नियम तुम्हाला पाठ आहे, हा वाचला नाहीत का?

आणि परवान्याचंही तुम्ही अर्धंच सांगितलंत. पदवी कृषीचीच हवी असं नाही. कीटकनाशकांच्या परवान्याला रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन केलेली बीएस्सीही चालते. शिवाय पदवीधर माणूस नोकरीला ठेवूनही परवाना मिळतो. तेव्हा दुकान वाचवायला पोराची चार वर्षं गहाण ठेवायची गरज नाही. बीएस्सी ॲग्री त्याला स्वतःला हवं असेल तर सीईटी द्यावी, धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळच आहे. नीट, इंजिनिअरिंगचं आज बोलतच नाही. त्याला काय हवंय, ते तुमच्या अख्ख्या पत्रात कुठे नाही.

आज एवढंच करा. फवारणी बंद, दुकानही बंद त्याच्यापुरतं. बेळगावला फिजिशियनला दाखवा आणि कोलिनएस्टरेजची तपासणी करायला सांगा. एका आकड्यावरून पुष्कळदा निदान होत नाही, म्हणून कीटकनाशकांपासून लांब ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा करा. आकडा वर चढला तर तो कीटकनाशकांमुळेच खाली गेला होता हे कळेल. जाताना तो हाताळतो त्या डब्यांच्या लेबलांचे फोटो घेऊन जा, डॉक्टर आधी तेच विचारतील. स्वतःचंही रक्त द्या. रिपोर्ट आले की मला लिहा, पण ते पत्र पोराला लिहू द्या.