वारा आहे, मग पवनचक्की उभी का?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या वनकुसवडे पठारावर वारा नुसता भणाणत असतो, तरी काही पवनचक्क्या थांबलेल्या दिसतात. फुकटची वीज असून त्या बंद का ठेवतात? आणि दुपारची सौरवीज रात्रीसाठी साठवत का नाहीत?
— एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : आधी किती थांबल्यात ते मोजा. शेजारच्या फिरताहेत आणि एकच उभी असेल, तर तिच्यात बिघाड आहे, मेकॅनिक यायचाय. अख्खी रांगच थांबली असेल, तर लाइन किंवा उपकेंद्र बंद असणार, नाहीतर भार प्रेषण केंद्रातून, म्हणजे कुणी किती वीज बनवायची हे सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षातून, 'उत्पादन कमी करा' असा निरोप आला असणार. तो निरोप देण्याच्या खुर्चीत मी नोकरीची बरीच वर्षं काढली. हौसेनं कुणी देत नाही. वाऱ्याची आणि उन्हाची वीज आधी घ्यायची, ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, धोका असेल तरच तोडायची, असा नियमच आहे.

धोका म्हणजे काय? देशभराची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा हेलकावतो तो आकडा, 49.90 ते 50.05 हर्ट्झ या पट्ट्यात राखायची असते. वीज मागणीपेक्षा जास्त झाली की आकडा चढतो, कमी पडली की उतरतो. 5 एप्रिल 2020 आठवतो? रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे मालवायचे होते. मी तेव्हा निवृत्त होतो. घरचे पणत्या लावत होते आणि मी मोबाइलवर फ्रिक्वेन्सी बघत बसलो होतो, सवय जात नाही. देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटनं खाली आली. तेवढंच उत्पादनही उतरवायला हवं होतं; त्यातली निम्म्याहून जास्त कपात जलविद्युतनं केली, कारण पाण्याची टर्बाइनं मिनिटांत कमी-जास्त करता येतात. कोळशाच्या बॉयलरला तशी घाई चालत नाही.

तुमच्याच तालुक्यातली कोयना आमच्यासाठी म्हणूनच लाखमोलाची. 1,960 मेगावॅट, पण वीज करून पश्चिमेला सोडायच्या पाण्याची मर्यादा वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यामुळे हात राखून वापरायचं. ऊन उतरतं आणि घराघरांत दिवे लागतात, त्या तासा-दोन तासांसाठी ते जपून ठेवतात.

साठवणही होते. घाटघरला खालच्या धरणातलं पाणी पंपानं वर चढवतात आणि गरजेला सोडून 250 मेगावॅट मिळवतात. चढवायला लागते तेवढी वीज परत येत नाही. चार युनिटं घातली तर साधारण तीन हाती लागतात. बॅटऱ्या येताहेत, पण महाग.

मला विचाराल तर त्याहून स्वस्त साठवण म्हणजे शेतातली विहीर. कृषिपंपांना सौर फीडरवरून, म्हणजे सौरवीज पुरवणाऱ्या वेगळ्या लाइनवरून, दिवसा वीज द्यायची, की दुपारची वीज तिथल्या तिथे पाटात जाते, आणि टॉर्च घेऊन रात्री पिकाला पाणी द्यायला दाऱ्यावर जायला नको.