लाकडी जमिनीवर अंडरफ्लोअर हीटिंग टाकून बसवलेल्या टाइल्स का तडकतात? नव्या टाइल्स घालून प्रश्न सुटेल का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या जुन्या घरात लाकडी जमिनीवर विजेची हीटिंग मॅट टाकून पोर्सलिन टाइल्स बसवल्या, दुसऱ्याच हिवाळ्यात ग्राउटचा, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरणाऱ्या मसाल्याचा, भुगा निघायला लागला आणि काही टाइल्स एका रेषेत तडकल्या. बिल्डर म्हणतोय माल हलका होता, चांगल्या टाइल्स आणा, बदलून देतो.

आणू नका. टाइलचा यात काही दोष नाही. सदोष टाइल कुठेही, कशीही तडकेल. सगळ्या मिळून सरळ रेष आखणार नाहीत. ती रेष खालच्या प्लायच्या सांध्याची किंवा फळीच्या कडेची आहे. शक्य असेल तर मोजून बघा, बहुतेक जुळेल.

"माल हलका होता" हे वाक्य मी आमच्याच घरात इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. माझे वडील सांगलीकडे शहाबादी फरशी आणि मोझॅक बसवायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि आता इंग्लंडच्या उत्तर भागात हेच काम करतो. माझ्या थोरल्या बहिणीने लीड्समध्ये जुनं, विटांचं, रांगेतलं घर घेतलं आणि मागचं स्वयंपाकघर वाढवून घेतलं. दाजी सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात इमारती उभ्या केलेले. घरच्या माणसाला कामाला लावू नये असं म्हणून त्यांनी सगळं कंत्राट एका बिल्डरला दिलं. पहिल्या हिवाळ्यात टाइल्स सुटल्या. बिल्डर आणि दाजी दोघांनी मिळून टाइल्सवर खापर फोडलं. मग महागड्या, बाराशे बाय सहाशेच्या टाइल्स आणून त्याच जमिनीवर, त्याच पद्धतीने लावल्या. पुढच्या थंडीत त्याही गेल्या, आणि आधीच्यापेक्षा वाईट गेल्या.

दाजींचं म्हणणं होतं की उष्णतेने टाइल फुगते, ही फुगणारी आहे, कमी फुगणारी आणायला हवी होती. मी तिथेच हिशोब मांडून दाखवला. पोर्सलिन एका अंशाला साधारण दहा लाखात सात भाग वाढते. पाच मीटर लांबीच्या जमिनीचं तापमान १५ अंशांनी वाढलं तर टाइल्सची अख्खी रांग जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. भिंतीलगत ५-६ मिलिमीटर जागा मोकळी सोडली असेल तर कुणाला कळणारही नाही.

खरं कारण लाकडात आहे. लाकूड उष्णतेने फारसं हलत नाही, ओलाव्याने हलतं. आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर मोकळं होतं, ते याच कारणाने. लांबीत लाकूड जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र भरपूर. पाइनची दीडशे मिलिमीटर रुंद फळी घ्या. तिच्यातला ओलावा १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला की ती पाऊण ते दीड मिलिमीटर आकसते. खालून हीटिंग चालू ठेवली की नेमकं हेच होतं. प्रत्येक फळी स्वतंत्र खिळलेली असल्यामुळे प्रत्येक सांधा थोडा थोडा उघडतो. वर कडक चिकटवलेली टाइल आहे, ती आकसत नाही. दोघांच्या मधे फक्त चिकटवणीचा पातळ थर. मग एकतर थर सुटतो, नाहीतर टाइल फळीबरोबर ओढली जाऊन सांध्यावर फाटते. उन्हाळ्यात फळ्या परत फुगतात. अशा एक-दोन फेऱ्या झाल्या की ग्राउट आधी जातं, मग टाइलवर टकटक केलं की पोकळ आवाज येतो, मग तडा. तुमच्याकडे क्रम हाच असणार.

दुसऱ्यांदा टाइल्स सुटल्यावर बहिणीने मला बोलावलं. मी टाइल उचलली तेव्हा ती अख्खी हातात आली आणि तिची पाठ स्वच्छ होती. पोर्सलिन पाणी शोषत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आतच. त्यामुळे साधी सिमेंटची चिकटवण तिला धरत नाही, पॉलिमरवालीच लागते. इथे चिकटवण साधी होती आणि तीही पाच गोळ्यांत, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. गोळ्यांच्या मधल्या पोकळीवर पाय पडला की टाइल वाकते. वडील ओल्या मसाल्यावर शहाबादी ठेवून ठोकत बसायचे, आवाज सगळीकडे सारखा येईपर्यंत. त्यांनी कुणाची फरशी पाच गोळ्यांवर ठेवलेली बघितली असती तर त्याला कामावरून हाकललं असतं.

चिकटवणीखाली सहा मिलिमीटरचा प्लाय, दूर दूर अंतरावर खिळे मारलेला. त्याखाली मूळ फळ्या. फळ्या काढल्यावर तुळया दिसल्या आणि दाजी गप्प झाले. पाइप घालायला प्लंबरने तुळयांच्या वरच्या बाजूला खाचा पाडल्या होत्या, बरोबर मध्यावर. इथला नियम असा की खाच तुळईच्या खोलीच्या एक-अष्टमांशापेक्षा खोल नको, आणि ती टेकूपासून गाळ्याच्या (दोन टेकूंमधल्या अंतराच्या) ०.०७ ते ०.२५ पट अंतरातच हवी. मध्यावर कधीच नाही, कारण सर्वात जास्त वाक तिथेच येतो. अमेरिकेत टाइल्सखालच्या जमिनीचा लवण्याचा हिशोब गाळ्याचा ३६० वा भाग असा धरतात, नैसर्गिक दगड असेल तर ७२० वा. म्हणजे ३.६ मीटरच्या गाळ्याला दहा मिलिमीटर, दगडाला पाच. बहिणीच्या स्वयंपाकघरात फ्रीजजवळून चाललं की कपाटातले पेले वाजायचे. शिवाय वाढवलेल्या बांधकामाने जमिनीखाली हवा खेळवणाऱ्या बाहेरच्या जाळ्या बुजवल्या होत्या, त्यामुळे फळ्या खालून दमट आणि वरून हीटिंगने कोरड्या. फळी अशाने वाटीसारखी वाकते.

मग जे केलं ते लिहितो, तुम्हाला तेच लागणार आहे. कापलेल्या तुळयांना शेजारी जोडतुळया बोल्ट केल्या, मधे आडवे ठोकळे मारले, जाळ्या मोकळ्या केल्या. तुळयांमधे इन्सुलेशन भरलं, नाहीतर निम्मी उष्णता खालच्या पोकळीत जाते. वर १८ मिलिमीटरचा बाहेरच्या वापराचा प्लाय स्क्रूने घट्ट बसवला, प्लायच्या तुकड्यांचे सांधे एकासमोर एक येऊ दिले नाहीत. त्यावर विलग करणारी चटई. जर्मनीतल्या श्लूटर कंपनीने १९८७ मध्ये आणलेली नारिंगी डिट्रा सगळ्यांना माहीत आहे. आता हीटिंगची केबल खाचांत अडकवता येणाऱ्याही मिळतात. खालचं लाकूड आडवं सरकलं तरी वरच्या टाइलला ते कळू न देणं हे तिचं काम. आपल्या वाड्यांच्या माडीवर तुळया आणि फळ्यांच्या वर मातीचा थर असायचा, तोही दोघांना वेगळंच ठेवत होता. पण चटई लवणारी जमीन सुधारत नाही. हे ठळक लिहून ठेवा, कारण बिल्डर तुम्हाला चटई विकून तुळया टाळेल.

चिकटवण लवचिक, पाकिटावर सी-टू (C2) आणि एस-वन (S1) किंवा एस-टू (S2) लिहिलेली, आणि टाइलच्या पूर्ण पाठीला. भिंतीलगत आणि दाराच्या उंबऱ्याशी ग्राउट नाही, सिलिकॉन. हीटिंग बसवल्यावर लगेच चालू करायची नाही; चिकटवण वाळू द्या, मग रोज पाच अंशांपेक्षा जास्त चढवू नका. खाली लाकूड आहे म्हणून मी पृष्ठभाग २७ अंशांच्या वर जाऊ देत नाही आणि थर्मोस्टॅटला जमिनीत सेन्सर लावतोच.

दाजी अजूनही म्हणतात की काँक्रीट ओतलं असतं तर एवढा उपद्व्याप नसता. त्या जुन्या तुळयांना तेवढं वजन पेललं नसतं, हे त्यांना माहीत आहे. आणि काँक्रीटवर टाइल्स सुटत नाहीत असंही नाही. पुण्यात त्यांच्याच हॉलमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्स एका हिवाळ्यात पहाटे धाडकन आवाज होऊन तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. स्लॅब आकसला, टाइल्स पेपर जॉइंटने एकमेकींना खेटून बसवलेल्या, भिंतीलगत जागा शून्य, खाली नुसती सिमेंटची स्लरी. तेव्हाही त्यांनी टाइलच्या कंपनीलाच शिव्या दिल्या. स्पेसर (टाइल्समधे फट ठेवणारे छोटे तुकडे) लावा असं बाबा त्यांना म्हणाले होते, मी तिथे उभा होतो. गवंड्याच्या तोंडून आलं म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही.

तुमच्याकडे सगळं हेच असेल असं फोटोशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. तुमची जमीन चिपबोर्डची (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांची) असेल तर आणखी वेगळं बघावं लागेल, तो पाण्याने फुगतो आणि परत बसत नाही. तुळया कापलेल्या निघाल्या तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्या कामावर माझा अंदाज पुरेसा नाही. जुनी मॅट चिकटवणीत गाडलेली असेल तर टाइल काढताना तुटणारच, नवीन मॅटचे पैसे धरून ठेवा. आणि खाली काळ्या, डांबरासारख्या गोंदावर जुन्या विनाइल टाइल्स सापडल्या तर खरवडू नका. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या मालात ते असू शकतं. आधी तपासणी करून घ्या.

बिल्डर बदलून द्यायला आला की त्याच्यासमोर एक टाइल उचला, पाठीला चिकटवण किती लागलीय त्याचा फोटो काढा, एक फळी उघडून तुळया बघा. तोवर नव्या टाइल्सची ऑर्डर देऊ नका आणि काम पूर्ण झाल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.