ओनरला न कळणारं कासव

“मॅडम, मुलासाठी पहिलंच कासव घ्यायचं तर कोणतं घ्यावं, तयारी काय करावी? आणि समजा नाही म्हटलं, तर त्याच्या मनावर परिणाम होईल का?”

मी मुलांची समुपदेशक. फोनवर एका आईने हे सगळं एका दमात विचारलं. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीतला. त्याला इथे ओम म्हणते. नाव आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. राहायला पुण्याजवळ वाकडला, आईबाबा दोघंही आयटीत, घरात आजी आणि दीड वर्षाची बहीण. पाच महिने ओमच्या तोंडी एकच विषय होता. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवरही कासवंच. आई दर वेळी “बघू” म्हणायची. आता त्याने जेवणाच्या ताटावर अबोला धरला होता.

पहिल्या भेटीला आईबाबाच आले. बाबांनी मोबाइलवर फोटो दाखवला: काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या चांदण्या. ओळखीतल्या कुणीतरी “घरपोच देतो” म्हणून सांगितलं होतं. आजीचा तर पाठिंबाच होता, कासव घरात आलं की लक्ष्मी टिकते म्हणून.

मी काही प्राण्यांची डॉक्टर नाही. पण माझी धाकटी बहीण पशुवैद्य आहे, त्यामुळे हे कासव मी ओळखते. राजस्थान-गुजरातच्या आणि दक्षिणेच्या कोरड्या माळरानांवरचं हे आपलं चांदणी कासव. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आलं, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं, ७ पर्यंत. दंड किमान २५ हजार. आपल्या विहिरीतली, तळ्यातली मऊ पाठीची कासवंही कायद्याने तशीच संरक्षित आहेत. लहानपणी मामाच्या विहिरीत पाणी स्वच्छ राहावं म्हणून सोडलेलं एक कासव होतं आणि आम्ही त्याला भाकरी टाकायचो. आज ते सांगतानाही मी जरा चाचरते. शिवाय ‘वीसनखी’ कासवाने पैशाचा पाऊस पाडून देणारे भोंदू आहेतच. कुणाकडे आधीच असं कासव असेल तर ते नदीत सोडून मोकळं होऊ नये. वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तिथे फोन करावा.

बाबांनी फोटो तिथल्या तिथे डिलीट केला. मग हळूच म्हणाले, “पण ते लाल कानवालं चालतं ना? अ‍ॅक्वेरियमवाला म्हणाला, एवढंच राहतं.” त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून रुपयाएवढा गोल करून दाखवला.

हे ‘एवढंच राहतं’ मी इतक्या घरांतून ऐकलंय की मला आता रागही येत नाही. ते पिल्लू असतं. मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगते. ओम चाळिशीला टेकेल तेव्हाही ते असू शकेल. काचेच्या वाडग्यात प्लास्टिकचं नारळाचं झाड लावून भागत नाही. मोठ्या कासवाला तीन-चारशे लिटरची टाकी लागते, दणकट फिल्टर लागतो, पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा आणि वर यूव्हीबी किरणांचा दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. किरण आणि कॅल्शियम न मिळाल्याने मऊ पडलेली पाठ आणि नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवल्यामुळे सुजून मिटलेले डोळे, ही दोन कासवं माझ्या बहिणीकडे नेहमीची.

“आणि घरात दीड वर्षाची मुलगी आहे,” मी म्हटलं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. कासव ठणठणीत दिसतं आणि मूल जुलाब-तापाने आजारी पडतं. १० सेंटिमीटरपेक्षा छोटी कासवं पाळायला म्हणून विकण्यावर अमेरिकेत १९७५ पासून बंदी आहे, ती यामुळेच. लहान मुलं ती सरळ तोंडात घालायची.

आईने वहीत सगळं लिहून घेतलं. टाकी हॉलमध्ये कुठे मावेल यावर नवराबायकोचं माझ्यासमोरच थोडं वाजलंही. पण ओमला कासवच का हवंय, हे दोघांनाही सांगता येईना.

माझ्याकडे मात्र उत्तर तयार होतं, हे कबूल करते. मूल बुजरं, वर्गात कमी बोलणारं. स्वतःला आत ओढून घ्यायला पाठीवर घर असलेला प्राणी त्याला जवळचा वाटणार, असं मी नोंदवहीत लिहूनसुद्धा टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात ओम आला. मी कागद आणि रंग पुढे केले. त्याने पलंग काढला, पलंगाखाली टब, टबात कासव.

“पलंगाखाली का रे?”

“ओनर आला तर दिसणार नाही. आणि कासव भुंकत पण नाही.”

“आणि पुन्हा शिफ्टिंग झालं तर?”

“त्याला पॅक करायला लागत नाही ना. खिशात घालून नेणार.” मग बोटं मोजून म्हणाला, “आता चार महिने राहिलेत.”

अकरा महिन्यांचा करार कधी संपतो हे या मुलाला पाठ होतं. चार वर्षांत तीन घरं झाली होती: खराडी, बाणेर, वाकड. खराडीच्या पार्किंगमध्ये मोती नावाचं भटकं पिल्लू होतं, ओम त्याला रोज बिस्किटं घालायचा. शिफ्टिंगच्या दिवशी तो टेम्पोत पुढे बसला आणि मोती गेटपर्यंत आला. नव्या घराच्या करारात कुत्रा-मांजर न पाळण्याची अट होती. ओमने त्यावर जो प्राणी शोधून काढला, तो विचार करूनच काढला होता. नोंदवहीतली माझी ओळ मी त्याच संध्याकाळी खोडली.

आईबाबांना हे सांगितलं तेव्हा दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आई म्हणाली, “आम्ही फ्लॅट बुक केलाय, पझेशन लांबतंय. त्याला कशाला सांगायचं म्हणून सांगितलं नाही.”

मनावर परिणाम होईल का, या प्रश्नाला मी त्यांना उलट विचारलं: गेले पाच महिने “बघू” म्हणताय, त्याचा काय झाला? प्रत्येक “बघू” म्हणजे जवळजवळ हो, असंच तो धरून चालला होता. नाही म्हणायचं असेल तर कारणासकट म्हणा आणि एकदाच म्हणा. तो रडेल, तेव्हा लगेच चॉकलेट पुढे करू नका.

त्याआधी एक प्रयोग मात्र करून घेतला. बाल्कनीत रिकामा टब ठेवायचा, कासव आहे असं धरून चालायचं. रोज ‘खाणं’, दर दोन दिवसांनी पाणी उपसून पुन्हा भरायचं, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. ओमने नऊ दिवस निभावलं. दहाव्या दिवशी शाळेची सहल होती, टब बाबांनी भरला. नंतर बाबाच भरत राहिले. नऊ वर्षांच्या मुलाकडून मला यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती. पण पुढची वीस-तीस वर्षं टब कोण भरणार, ते बाबांना कळलं.

रविवारी बाबांनी त्याला सगळं सांगितलं: कायदा, दिवा, बहीण आणि लांबलेला फ्लॅटही. ओनरशी बोलून करार आणखी एक वर्ष वाढवल्याचंही सांगितलं, कागद दाखवला. ओम दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “नवीन घरात कुत्रा चालेल?” बाबांच्या तोंडून “बघू” निघता निघता राहिलं. “चावी मिळाली की त्या महिन्यात आपण चौघं बसून ठरवू,” ते म्हणाले. “चौघं नाही, आजी धरून पाच,” ओमने दुरुस्त केलं.

मार्चमध्ये ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन आले. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात आणि पिल्लं बाहेर आली की ती समुद्रात जाताना लोकांना पाहू देतात. माझ्याकडची शेवटची भेट त्यानंतर झाली. ओम आजीवर नाराज होता.

“आजी म्हणते, कासवाची आई नुसतं बघून पिल्लांना वाढवते. अभंगात आहे म्हणे. पण तिथले दादा म्हणाले, ती अंडी घालून त्याच रात्री निघून जाते.”

“मग पिल्लं?”

“पिल्लंपण निघून जातात. पण मोठी झाली की अंडी घालायला त्याच बाजूला परत येतात.” तो थोडा वेळ खुर्चीत पाय हलवत बसला. मग आईकडे वळून म्हणाला, “आपण खराडीला जाऊन येऊ या का?”

पुढच्या आठवड्यात आईचा मेसेज आला. मोती होता. त्याने ओमला ओळखलं की नाही, हे काही तिला सांगता येईना. बिस्किटं मात्र सगळी खाल्ली.