नोकरकपातीची नोटीस आलीय? आधी कागद सांभाळा

भाऊ, नवं काम शिकायच्या कोर्सचं नंतर बघू. राजीनाम्यावर सही करू नका, साहेब कितीही गोड बोलले तरी. मी केली आणि कागदोपत्री 'स्वखुशीने' गेलेला ठरलो. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम ४५ दिवसांत जमा व्हायला हवी. राजीनामा दिलात की त्यावर पाणी.

- अनुभवाचा दाखला, पगाराच्या स्लिपा, यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर जपून ठेवा.
- कोर्सवाल्याला विचारा, मागची बॅच कुठे कामाला लागली? त्यातल्या दोघांना स्वतः फोन लावा.
- हातातलं कसब सोडू नका. लेथवर मायक्रोमीटर धरलेला माणूस सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, लवकर रुळतो. उगाच टायपिंग कशाला शिकायचं?

ग्रॅच्युइटीच्या पैशात दुकान टाकायची घाई तर नकोच.