एच-इंडेक्स ९ असलेल्या गाइडकडे पीएचडी करावी का?

तुम्ही विचारलंय, वनस्पतिशास्त्रात पीएचडी करायची आहे, एका गाइडचा एच-इंडेक्स ९ (म्हणजे निदान नऊ पेपर प्रत्येकी निदान नऊ वेळा इतर पेपरांत उद्धृत झाले; अशा उल्लेखाला सायटेशन म्हणतात), दुसऱ्याचा ३१, तर कोणाकडे जाऊ? डोळे झाकून ९ वाल्यांकडे जा असं मी म्हणणार नाही, पण त्या ३१ वर भुलू नका. माझा स्वतःचा ६ आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी वर्गीकरणशास्त्रातला माणूस. बावीस वर्षं रत्नागिरी-राजापूरचे सडे तुडवले, ते मुख्यतः गेंदांसाठी. पाऊस ओसरताना कातळावर पांढरी बटणं सांडल्यासारखी दिसतात ती फुलं. लांबून सगळी सारखी. जात ठरवायची तर एकेक गेंद सुईने फोडायचा, मायक्रोस्कोपखाली इवलंसं फूल उलगडायचं आणि तरीही शंका उरली तर बियांच्या सालीवरची नक्षी बघायची. पाऊस लवकर गेला की बी धरायच्या आत झाड करपतं आणि वर्ष वाया जातं. एका जातीची खात्री पटायला मला चार पावसाळे लागले. पेपर झाला एक.

प्रमोशनच्या मुलाखतीत तोच पेपर मी टेबलावर पुढे सरकवला. समितीतल्या एका गृहस्थांनी त्यावर हात ठेवला, उघडला नाही, आणि म्हणाले, "ते ठीक आहे, सायटेशन किती ते सांगा." त्या वर्षी माझं प्रमोशन राहिलं. पुढे मिळालं, पण न उघडलेला तो पेपर आजही डोळ्यांसमोर येतो.

आमच्या विषयात सायटेशन कमी का पडतात हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. आंब्याचं नाव मॅन्जिफेरा इंडिका एल. असं लिहितात. तो 'एल.' म्हणजे लिनिअस, नाव दिलं १७५३ साली. आंब्यावरचे कुठलेही दहा पेपर काढा आणि संदर्भसूचीत लिनिअस सापडतो का बघा. जातीचं नाव सगळे वापरतात, ती जात ज्या पेपरात ठरली तो सूचीत कोणी घालत नाही, आणि मोजणारं यंत्र सूचीच मोजतं. वर नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखाला सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, काढताना मागच्या दोनच वर्षांतले लेख धरतात. आमचा पेपर उघडला जातो तोच वीस वर्षांनी, कोणी त्या सड्यावर पुन्हा गेलं की.

नियतकालिकाचा आकडा लेखाला चिकटवणं तर त्याहून वाईट. २००८ साली स्फटिकशास्त्रज्ञ शेल्ड्रिक यांनी स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या आपल्या संगणक-प्रोग्रामांवर एक लेख लिहिला, तो जगभर उद्धृत झाला आणि 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता तो २००९ मध्ये जवळजवळ ५० वर गेला. त्याच अंकांतल्या बाकीच्या लेखांत त्यामुळे काय सुधारलं?

माझा एक जुना सहकारी याच मुद्द्यावर माझ्याशी वर्षानुवर्षं भांडत आलाय. त्याचं म्हणणं, "आकड्याला जात नसते, वशिला नसतो." अरे, नसतो कसा? विद्यार्थ्याच्या प्रत्येक पेपरवर आपलं नाव घालायचं, मित्रांनी एकमेकांना उद्धृत करायचं, स्वतःचे जुने पेपर नव्यात कोंबायचे, हाही वशिलाच. २०१० नंतर प्राध्यापकांना पेपरागणिक गुण मिळू लागले, तेव्हा पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली, ती आम्ही दोघांनी पाहिली आहेत. सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणता लेख कोणी उद्धृत केला याच्या सूचीची, कल्पना माहितीशास्त्रज्ञ गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडली ती संदर्भ शोधायला. बढत्या वाटायला नव्हे.

त्याचं एक मात्र मान्य करतो. निवड आधीच ठरलेली असते तिथे ओळख नसलेल्या पोराच्या हातात आकडा हे एकच हत्यार असतं. एकाच विषयातल्या, साधारण एकाच वयाच्या दोघांची तुलना करायलाही तो थोडाफार चालतो. पण सायटेशन मोजणाऱ्या साइट वेगवेगळ्या आहेत, गूगल स्कॉलरवरचा आकडा स्कोपसपेक्षा बहुधा मोठा दिसतो, तेव्हा तुमचे ९ आणि ३१ एकाच ठिकाणचे आहेत ना, हे आधी तपासा.

मग दोघांचे दोन-दोन पेपर पूर्ण वाचा. ३१ मध्ये रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख, किती ते बघा, कारण रिव्ह्यू जास्त उद्धृत होतात. दोघांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा: पीएचडीला किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं आलं, सर फील्डवर बरोबर येत होते का. आणि दोघांचं हर्बेरियम, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पतींचा संग्रह, बघून या. शीटवरच्या लेबलांवर गोळा केल्याची तारीख आणि जागा नीट लिहिलेली आहे की नाही, ते नीट बघा.