टेम्पो ठरवण्याआधी हौद्यात चढा

भाऊ, सारंगखेड्याच्या बाजारातून पहिली घोडी आणताय, फार आनंद वाटला. टेम्पो ठरवण्याआधी हौद्यात चढून पायाखाली बघा. नुसता लोखंडी पत्रा असेल तर नाल मारलेला पाय पहिल्याच ब्रेकला घसरतो. गोठ्यात घालतात ती जाड रबरी मॅट कडेपासून कडेपर्यंत घट्ट बसवा. खाली लाकडी फळ्या असतील तर त्याही टोचून बघा. मूत मुरून लाकूड आतून कुजतं, वरून कळत नाही.

मॅटवर चार बोटं भाताचा पेंढा हवाच. याचं कारण मला उशिरा कळलं. कडक जमिनीवर शिंतोडे पायांवर उडतात, म्हणून बरीच घोडी लघवी दाबून धरतात. माझी घोडी नाशिकपर्यंत तशीच ताठ उभी होती, मागचे पाय थरथरत होते. पेंढा टाकला आणि पाचच मिनिटांत मोकळी झाली! लाकडाचा भुसा घातलात तर थोडं पाणी शिंपडा, नाहीतर धूळ नाकात जाते.

दोर फार आखूड बांधू नका. मान खाली घालून शिंकरता आलं नाही तर लांबच्या प्रवासात छातीचा आजार जडू शकतो. दर तीन-चार तासांनी थांबा, पाणी दाखवा, ओला झालेला पेंढा तेव्हाच काढून टाका.