पीपीएचएन झालेल्या बाळाच्या हातावर आणि पायावर ऑक्सिजनचे वेगवेगळे आकडे का दिसतात?

आपण लिहिले आहे की आपला भाचा पूर्ण दिवसांचा जन्मला, पण त्याने पोटातच शी केली होती, काही तासांत तो निळसर पडू लागला आणि आता तो व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टरांनी ‘पीपीएचएन’, म्हणजे नवजात बाळाच्या फुप्फुसधमन्यांतला दाब जन्मानंतरही चढाच राहणे, असे निदान सांगितले आहे, उजव्या हातावर ९४ आणि पायावर ८२ असे ऑक्सिजनचे दोन आकडे दिसतात, आणि याचा अर्थ हृदयाला भोक आहे असा होतो का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी नवजात अतिदक्षता विभागात काम करतो. बाळाला न तपासता त्याच्या प्रकृतीविषयी मी काही सांगू शकणार नाही, पण त्या दोन आकड्यांचा अर्थ नक्की सांगू शकतो.

हृदयातली वाट जन्मतः प्रत्येकच बाळाला उघडी असते. गर्भात ऑक्सिजन वारेतून नाळेवाटे येतो, फुप्फुसांत द्रव भरलेला असतो आणि तेथील बारीक धमन्या आकसलेल्या असतात; त्यामुळे हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तापैकी साधारण १० ते २० टक्केच रक्त फुप्फुसांकडे जाते. उरलेले रक्त दोन आडवाटांनी पुढे सरकते. त्यांपैकी एक म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली झडपेसारखी फट, फोरामेन ओव्हाले, आणि दुसरी म्हणजे फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी नळी, डक्टस आर्टेरिओसस. जन्मानंतर फुप्फुसांत हवा भरली की त्या धमन्या सैल होतात, फुप्फुसांकडे जाणारे रक्त आठ ते दहा पटींनी वाढते, आणि मग या आडवाटांचे काम संपते.

पीपीएचएनमध्ये नेमके हे सैल होणेच घडत नाही. फुप्फुसधमनीतला दाब चढाच राहतो आणि अशुद्ध रक्त फुप्फुसांत शिरण्याऐवजी जुन्याच वाटांनी शरीरात परत जाते. १९६९ साली या अवस्थेचे वर्णन करताना तिला ‘गर्भातले रक्ताभिसरण टिकून राहणे’ अशा अर्थाचे नाव दिले गेले होते. आजच्या नावापेक्षा मला ते कितीतरी अधिक बोलके वाटते.

आता हात आणि पाय. उजव्या हाताला रक्त पुरवणारी शाखा महाधमनीतून डक्टसच्या आधी निघते, तर पायांकडे जाणारे रक्त डक्टसचे तोंड ओलांडून जाते. डक्टसमधून अशुद्ध रक्त महाधमनीत मिसळत असेल, तर ती भेसळ पायात दिसते, उजव्या हातात दिसत नाही. हा फरक ५ ते १० टक्क्यांहून अधिक असला की आम्हाला पीपीएचएनची दाट शंका येते, आणि आपण दिलेले आकडे त्यात बसतात. मात्र भेसळ मुख्यतः वरच्या कप्प्यांमधल्या फटीतून होत असेल, तर हात आणि पाय दोन्हींचे आकडे सारखेच कमी येतात. म्हणून फरक नाही, तेव्हा आजार नाही, असे म्हणता येत नाही. हृदयाची रचनाच जन्मतः सदोष असण्याची शक्यता टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करूनच बाजूला सारावी लागते. तो झाला आहे का आणि त्यात काय दिसले, हे अवश्य विचारा.

शंभर टक्के ऑक्सिजन देऊनही आकडा का वाढत नाही, असेही आपण विचारले आहे. जे रक्त फुप्फुसांपर्यंत पोहोचतच नाही, त्याला तेथे ठेवलेल्या ऑक्सिजनचा उपयोग होत नाही, हे त्याचे साधे कारण. पोटात केलेली शी श्वासाबरोबर आत गेली की वायुमार्ग अडतात, फुप्फुसांचा दाह होतो आणि ऑक्सिजन कमी पडल्यामुळे धमन्या आणखी आवळतात. असे ते दुष्टचक्र असते. रक्तातला किंवा फुप्फुसांतला जंतुसंसर्ग, जन्मतेवेळी गुदमरणे, श्वासपटलाला जन्मजात छिद्र असणे ही इतर कारणे आहेत, आणि काही बाळांत कोणतेच कारण सापडत नाही.

उपचारात पहिले काम फुप्फुसे नीट फुलवण्याचे आणि रक्तदाब सांभाळण्याचे असते; नायट्रिक ऑक्साइड वायूची पाळी त्यानंतर येते. तो श्वासावाटे, बहुधा दहा लाख भागांत २० भाग या प्रमाणात दिला जातो, हवा पोहोचणाऱ्या भागातल्या धमन्या सैल करतो आणि रक्तात मिसळताच निष्प्रभ होतो, म्हणून उर्वरित शरीराचा रक्तदाब पडत नाही. तो कधी सुरू करायचा, हे ठरवताना आम्ही एक गुणोत्तर पाहतो: व्हेंटिलेटरचा सरासरी दाब गुणिले ऑक्सिजनची टक्केवारी, भागिले रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब. दाब १५, ऑक्सिजन १०० टक्के आणि रक्तातला दाब ६० असेल, तर उत्तर २५ येते, आणि साधारण तेथेच या वायूचा विचार सुरू होतो. गुणोत्तर ४० च्या वर टिकून राहिले, तर जेथे सोय असेल तेथे एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र, विचारात घेतात. वायूचा सर्वच बाळांना पुरेसा उपयोग होत नाही, आणि तो एकदम बंद केल्यास फुप्फुसधमनीतला दाब उसळतो, म्हणून सुधारणा झाल्यावरही तो हळूहळू उतरवावा लागतो. सिल्डेनाफिल, म्हणजे ‘व्हायग्रा’तले औषध, लिहिलेले दिसले, तर दचकू नका. ज्या कामासाठी ते जगाला ठाऊक आहे तेच काम, धमन्या सैल करण्याचे, ते येथे फुप्फुसांत करते.

परिचारिका बाळाला हात लावू देत नाहीत, ही आपल्या बहिणीची तक्रार मी अगदी समजू शकतो. पण अशा बाळाला नुसती कूस बदलली, मोठा आवाज झाला किंवा रक्त तपासणीसाठी टोचले, तरी धमन्या आवळतात आणि ९४ चा आकडा मिनिटभरात ७० वर येतो. हे मी अनेकदा पाहिले आहे. सुरुवातीच्या दिवसांत आकडे असे खालीवर होतच राहतात, तेव्हा एकेका आकड्यावर डोळे लावून बसण्यापेक्षा कालच्या तुलनेत आज बाळाला ऑक्सिजन किती कमी लागतो आहे, हे दिवसातून एकदा विचारावे. स्तनपान आताच शक्य नसले, तरी आईने दूध काढून ठेवत राहावे. बाळ घरी आल्यावर श्रवणचाचणी मात्र चुकवू नये आणि पहिल्या चाचणीत ऐकू येते असे दिसले, तरी ती काही महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी, कारण या आजारातून बरे झालेल्या काही बाळांमध्ये ऐकण्यातला दोष उशिरा उघड होतो.